कोण हा कोंबू?

माझी भाची अंधेरीला चार बंगल्याजवळ राहते, जाहिरातींच्या कंपनीत काम करते आणि आम्हा मुलुंडकरांकडे किंचित करुणेने बघते. गेल्या चैत्रात तिने मला वर्सोव्याच्या एका कॅफेत नेलं. तिथल्या खुर्च्या मुद्दाम एकमेकींशी न जुळणाऱ्या होत्या आणि भिंतींचा गिलावा मुद्दाम अर्धवट पाडलेला होता. आमच्या इमारतीचा गिलावा गेली सहा वर्षं विनामूल्य पडतो आहे, पण त्याकडे अजून कोणी त्या नजरेने पाहिलेलं नाही. मेनूकार्डावर चहाच्या रकान्यात खालून दुसरी ओळ होती : कोंबुचा, रुपये २६०.

"कोणाचा?" मी विचारलं.

"कोंबुचा, मामा."

"ते कळलं गं. पण कोंबू कोण?"

तिने कपाळाला हात लावला. पण माझं काय चुकलं? मराठी माणसाच्या कानावर शेवटी 'चा' पडला की तो आधीच्याचं नावगाव विचारणारच. बंडूचा सदरा, बापूचा छकडा, तसा कोंबूचा कोणीतरी. शिवाय आमच्या आजोळी, कऱ्हाडाकडे, चहाला 'चा'च म्हणतात. म्हणजे व्याकरणाने बघितलं तर 'कोंबूचा चा' असं हवं होतं; एक 'चा' छापणाऱ्याने गिळला होता.

गंमत म्हणजे कोंबू निघालाच! घरी येऊन शोधलं, तर एक दंतकथा सापडली. इसवी सन ४१४ मध्ये कोंबू नावाचा एक वैद्य कोरियातून जपानच्या इंग्यो सम्राटाकडे गेला आणि त्याने हा चहा पाजून सम्राटाला बरं केलं. इतिहासाला ही गोष्ट ठाऊक नाही, ती फक्त बाटल्यांच्या पाठीमागच्या लेबलांना ठाऊक आहे. दुसरी दंतकथा याहून जुनी. तीत हा चीनमधला 'अमरत्वाचा चहा' असून त्याची सुरुवात इसवी सनापूर्वी २२१ मध्ये, चिन घराण्याच्या पहिल्या सम्राटाच्या काळात झाली. हा सम्राट इसवी सनापूर्वी २१० मध्ये वारला. अमरत्व अकरा वर्षं टिकलं म्हणायचं.

खरं नाव त्याहून गोंधळाचं आहे. जपानीत 'कोंबु' म्हणजे समुद्रातलं एक शेवाळ. त्याची पूड गरम पाण्यात ढवळून जे खारट पेय करतात, तो तिथला खरा कोंबुचा. आंबवलेल्या चहाला जपानी माणूस 'कोचा किनोको' म्हणतो, म्हणजे काळ्या चहाची अळंबी. १९७५ च्या सुमाराला तिकडे घरोघर तिचं खूळ माजलं होतं. रशियन लोकही त्याला चहाची अळंबीच म्हणतात. आणि ती अळंबी नाही. म्हणजे ज्याचं नाव आहे तो हा नव्हे, जी म्हणतात ती ही नव्हे; २६० रुपये तेवढे खरे.

चव? गोटी सोड्यात कोणीतरी कैरीचं पन्हं विसरून गेलं होतं आणि चार दिवसांनी आठवण होऊन परत आलं होतं, अशी. पहिल्या घोटाला डोळे मिटले, दुसऱ्याला एक उघडला. तिसऱ्या घोटाला मला ती आवडायला लागली आणि तिथेच माझं वाटोळं झालं.

घरी आईला सांगितलं. आई शहात्तर वर्षांची. "दहा दिवस ठेवलेला चहा?" तिने विचारलं. "आणि पैसे तू दिलेस? त्यांनी द्यायला हवे होते."

तिचंही खरं आहे. आमच्याकडे दहा मिनिटांपूर्वीचा चहा पाहुण्यापुढे ठेवला तर तो अपमान समजला जातो. चहा गार झाला की संपला, साय धरली की मोरीत. अशा घराण्यातल्या पुरुषाने चहा दहा दिवस ठेवायचा आणि मग प्यायचा, हे तिला धर्मांतरासारखं वाटलं.

पण मला वाटतं, तिला खरा त्रास होत होता तो शब्दाचा. बिघडण्याच्या बाबतीत आपली भाषा फार काटेकोर आहे. दूध नासतं, पण तेच दूध आपल्या मर्जीने बिघडलं तर ते विरजतं. डाळ-तांदळाचं पीठ आंबतं, त्याचं कौतुक होतं. आमटी आंबली तर सुनेकडे बघितलं जातं. लोणचं मुरतं. माणूसही मुरतो, मुख्यतः राजकारणात. सकाळची भाजी संध्याकाळी उतरते, शेंगदाणे खवट होतात, पावसाळ्यात पापडाला बुरा येतो. कल्हई गेलेल्या पितळी पातेल्यात ताक ठेवलं तर ते कळकतं. 'कळकणं' या शब्दाला दुसऱ्या कुठल्या भाषेत जोड असेल असं मला वाटत नाही, आणि नव्या पिढीत तो शब्द कोणाला येतही नाही, कारण पितळ गेलं, कल्हईवालाही गेला. असा मामला असताना चहाला नेमकं काय झालं म्हणायचं? नासला म्हणावं तर तो मुद्दाम केलाय. विरजला म्हणावं तर दूध नाही. मुरला म्हणावं तर तेल-मीठ नाही. आईने तीन दिवस विचार केला आणि निकाल दिला : "फसफसलाय." आमच्या घरात हा शब्द आजवर फक्त एका दूरच्या काकांबद्दल वापरला गेला होता.

तेवढ्यात भाचीचा फोन आला. "मामा, तुला एवढा आवडलाय ना, मग घरी कर. मी तुला माझा स्कोबी देते."

स्कोबी म्हणजे तिचा कुत्रा असावा, असा माझा समज होता. निघालं ते कुत्र्याहून कठीण. काचेच्या बरणीत तपकिरी पाणी आणि त्यावर तरंगणारी एक चकती. भिजून फुगलेल्या आंबोळीसारखी. रंग कोंड्याचा, स्पर्श ओल्या रबराचा, खाली तपकिरी दोऱ्या लोंबणाऱ्या. माझ्या बायकोने बरणीकडे एकदाच पाहिलं आणि म्हणाली, "हे मेडिकल कॉलेजातून आणलंय का?" भाचीच्या मंडळींत या चकतीला 'मदर' म्हणतात. आई म्हणाली, "माझ्या बरोबरीने बसवू नका."

ही बरणी अंधेरीहून मुलुंडला आणायची म्हणजे साधं काम नव्हे. डी. एन. नगरला मेट्रो, घाटकोपरला उतरून लोकल, मग विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप, नाहूर करत मुलुंड. २०१४ साली ही मेट्रो सुरू झाली तेव्हा बारा स्थानकांच्या त्या साडेअकरा किलोमीटरांनी मुंबईचं पूर्व आणि पश्चिम जोडलं, असं सगळ्यांनी लिहिलं होतं. जोडलं खरं, पण मध्ये सामान तपासायचं यंत्र ठेवलं. पिशवी आतून गेली, पडद्यावर उमटली आणि तिथल्या तरुणाने पट्टा थांबवला.

"यात काय आहे?"

"चहा."

"आणि चहात काय आहे?"

मी खरं सांगायला सुरुवात केली. "जिवाणू आणि किण्व यांची एक सहजीवी—" मागची रांग वाढत होती. तरुणाने बरणी वर उचलली, उजेडात धरली. चकती संथपणे एका बाजूला कलली. तो आमच्या सातारा-कऱ्हाडाकडचाच असावा, कारण शेवटी त्याने हळूच विचारलं, "काका, घरचं लोणचं आहे का?"

"हो," मी म्हणालो.

"मग तसं सांगा की!"

लोणचं हा शब्द आपल्याकडे पासपोर्टासारखा चालतो. घाटकोपरपर्यंत मी बरणी मांडीवर घेऊन बसलो होतो. शेजारच्या बाईंनी दोनदा पाहिलं, आणि साकीनाक्याला उभं राहणं पसंत केलं.

आता या बरणीत चालतं काय, ते सांगतो. कारण ते कळल्यापासून मी तिच्यासमोर स्टूल टाकून बसायला लागलो. लिटरभर पाण्यात दोन-तीन चमचे साधी चहापत्ती आणि सत्तर-ऐंशी ग्रॅम साखर. चहा पूर्ण गार झाला की त्यात आधीच्या घाण्यातला आंबट चहा कपभर आणि वर ती चकती. तोंडाला दादरा बांधायचा, झाकण लावायचं नाही. आत दोन जातींची मंडळी राहतात. किण्व, म्हणजे आपलं यीस्ट, साखर खातं आणि दारू पाडतं. दुसरे जिवाणू ती दारू खाऊन तिचं आम्ल करतात, सिरक्यातलं असतं तेच. म्हणजे एका खोलीत भट्टी चालू आणि शेजारच्या खोलीत दारूबंदी खातं, दोघं एकमेकांवाचून उपाशी. १९४९ चा दारूबंदी कायदा करणाऱ्यांना इतकी कार्यक्षम अंमलबजावणी स्वप्नातही दिसली नसेल. वरची चकती ही या जिवाणूंनी विणलेली गादी. ती निव्वळ सेल्युलोजची असते, म्हणजे कापसात असतं तेच द्रव्य. ए. जे. ब्राउन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८६ मध्येच ते ओळखलं होतं. पुढे या जिवाणूच्या कुळाला काझुओ कोमागाता या जपानी शास्त्रज्ञाचं नाव मिळालं. तेव्हा कोंबूचा पत्ता लागला नाही तरी कोमागाताचा लागतो.

सगळी दारू संपते असं मात्र नाही. थोडी उरते. आपल्याकडे आणि अमेरिकेतही अर्ध्या टक्क्याच्या वर गेलं की ते मद्य. २०१० साली अमेरिकेतल्या एका मोठ्या दुकानसाखळीने कोंबुचाच्या बाटल्या फळ्यांवरून उतरवल्या होत्या त्या याच कारणाने. बाटलीत बसल्या बसल्या काहींनी मर्यादा ओलांडली होती. मुंबईकराला हे नवीन वाटू नये. नीरा आपण याच न्यायाने पितो. वसई-पालघरच्या बाजूला पहाटे झाडावरून उतरते ती नीरा. ऊन वर चढलं की तीच ताडी. स्टेशनवरच्या स्टॉलवर गार नीरा पिणारा सज्जन आणि ताडीवाला यांच्यात फरक आहे तो सूर्याच्या उंचीचा.

आईला मी हे सगळं समजावलं. तिने एकच शंका काढली : "यात दूध कधी घालायचं?"

तरी तिने बरणीचा ताबा घेतलाच. लोणच्याच्या चिनीमातीच्या बरणीत हा चहा करू द्यायला भाची तयार नव्हती, कारण जुन्या झिलईत शिसं असू शकतं आणि आम्लात ते उतरतं. "याच बरणीत चाळीस वर्षं कैरी मुरलीय," आई म्हणाली, "आणि ते खाऊन तुझी आई एवढी वाढलीय." पण पितळ-तांबं नको, हे तिला एका शब्दात पटलं. "कळकेल," ती म्हणाली, आणि माझ्याकडे असं बघितलं की हा विषय तिचा आहे, माझा नाही. आधीचा आंबट चहा का घालायचा, हेही तिला सांगावं लागलं नाही. "विरजण लागतंच की. पहिल्याच दिवशी आंबट नसलं तर बुरशी बसेल." पुस्तकात आम्लतेचे आकडे देऊन दोन पानांत सांगितलेलं तिने एका वाक्यात सांगितलं. पुस्तकात सात ते दहा दिवस लिहिले होते, ते बहुधा गार देशांतले. मुलुंडच्या वैशाखात पाचव्या दिवशी आईने चमचा बुडवला, जीभ टाळ्याला लावली आणि म्हणाली, "झालं."

मग चाखली, आणि पिऊ लागली. पण संकष्टी आली तसा घटनात्मक पेच उभा राहिला : उपासाला चालतं का?

आमच्या इमारतीत या विषयाचं तीन जणींचं खंडपीठ आहे. आई, समोरच्या जोशीणबाई आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकू. युक्तिवाद असा झाला. चहा उपासाला चालतो. साखर चालते. पाणी तर चालतंच. मग या तिघांनी एकत्र राहून काय पाप केलं? आंबवलेलं आहे, हा आक्षेप आला. दही-ताकही आंबवलेलंच, असं त्यावर उत्तर. अर्धा टक्का दारूचा मुद्दा मी मांडला, तर जोशीणबाईंनी तो कामकाजातून काढून टाकला. शेवटी आंबिलीवर गाडी अडली. आंबील गौरीच्या नैवेद्याला चालते, पण उपासाला नाही. "पण ती धान्याची म्हणून," काकू म्हणाल्या, "आंबवलेली म्हणून नव्हे." या बारकाव्यावर निकाल लागला : चालतो, मात्र चंद्रोदयानंतर. म्हणजे उपास सुटल्यावर. वकिलीत गेल्या असत्या तर या तिघींनी उच्च न्यायालय हलवलं असतं.

खालच्या मजल्यावरच्या जैन शेठाणींकडेही मी एक पेला घेऊन गेलो होतो. त्या फार गोड हसल्या. "भाई, अमे रात्रीचं ठेवलेलं सकाळी नाही खात," त्या म्हणाल्या, "तुमी दहा दिवसांचं लाव्या?" आणि मला ताजा ढोकळा खायला घातला. म्हटलं तर तोही आंबवलेलाच! पण यजमानीणबाईंच्या दारात शास्त्रार्थ करू नये एवढं मला कळतं. शिवाय त्यांच्याकडे झटपट करतात, सोडा घालून.

दरम्यान भाचीकडून औषधी गुणांची यादी येत होती. पोट, त्वचा, सांधे, केस, मन. इतके गुण मी फक्त लग्नाच्या स्थळांच्या माहितीपत्रकात वाचले होते. शोधायला गेलो तर माणसांवरचा अभ्यास फारच थोडा, बराचसा प्रयोगशाळेतल्या उंदरांवर. एक बरा सापडला. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठाशी संबंधित, २०२३ सालचा. मधुमेहींना चार आठवडे रोज पेलाभर कोंबुचा दिला आणि उपाशीपोटीची साखर उतरली. किती मधुमेहींना? बारा! आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला बाराहून जास्त लोक येतात, तरी ती कोरमअभावी तहकूब होऊन अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घ्यावी लागते. उलट बाजूही आहे. अमेरिकेत आयोवामध्ये १९९५ साली घरचा कोंबुचा पिणाऱ्या दोन बायका गंभीर आजारी पडल्या, त्यातली एक दगावली. चहाच कारण होता हे सिद्ध झालं नाही, पण तेव्हापासून गरोदर बायकांनी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी यापासून लांब राहावं असं सांगतात. हे मी आईला वाचून दाखवलं. "पहिलं मला लागू नाही," ती म्हणाली, "आणि दुसरं तुला लागू असेल."

आता मुख्य घटनेकडे येतो.

तयार चहाला फेस हवा असेल तर तो फळाच्या रसाबरोबर बाटलीत घट्ट बंद करून दोन-तीन दिवस बाहेर ठेवतात. आत उरलेलं यीस्ट नवी साखर खातं, वायू सोडतं, तो कोंडतो. रोज बूच किंचित उघडून बाटलीचा ढेकर काढायचा असतो. तान्ह्या बाळाचा काढतात तसा. माझ्याकडे त्या जाड, गोल, तारेच्या बुचाच्या बाटल्या नव्हत्या. सरबताच्या दोन चौकोनी बाटल्या होत्या. आणि घरात हापूस होता. रत्नागिरीचा असल्याचं विकणारा सांगत होता. दोन्ही बाटल्यांत सढळ हाताने आमरस घातला, बुचं आवळली, आणि दुसऱ्या दिवशी बोरिवलीला मावसभावाच्या मुलाच्या मुंजीला निघून गेलो. जाताना हिला म्हणालो, "तेवढा बाटल्यांचा ढेकर काढ."

"या घरात जेवणानंतर निघतात तेवढे मी ऐकते," ही म्हणाली, "बाटल्यांचे नाही काढणार."

मी मुंजीला मुक्काम केला. रात्री अडीचला पहिली बाटली फुटली, तिच्या धक्क्याने दुसरी. आईने आधी देवाचं नाव घेतलं, मग गॅसचा कॉक बंद केला, मग माझं नाव घेतलं. समोरचे जोशी टॉर्च घेऊन आले. वरचे बाहेर पडले ते पासबुकांची पिशवी घेऊन. त्यांची ती कायम दारामागे टांगलेली असते, हे त्या रात्री सगळ्या मजल्याला कळलं. स्वयंपाकघरात आमरस छताला होता, पंख्याला होता, आणि भिंतीवरच्या कालनिर्णयवर होता. त्यात नेमका संकष्टीचा चौकोन गेला. पुढची संकष्टी आईने शेजारी चंद्रोदयाची वेळ विचारून सोडली आणि विचारताना दर वेळी कारणही सांगितलं. सुदैवाने काचा ओट्याच्या कोपऱ्यातच राहिल्या आणि कोणाला लागलं नाही. छताचा डाग अजून आहे. भाची म्हणते, वर्सोव्यात असा डाग पाडून घ्यायला लोक पैसे मोजतात.

एवढं होऊनही बरणी शाबूत होती. किंबहुना वाढत होती! कारण दर घाण्याला चहाच्या पृष्ठभागावर नवी चकती धरते. जुनी असतेच. पाच दिवसांची एक या हिशेबाने आषाढ लागेपर्यंत माझ्याकडे अकरा झाल्या. जादा चकत्या एका वेगळ्या बरणीत एकावर एक रचून ठेवतात, तिला जाणकार 'स्कोबी हॉटेल' म्हणतात. आमच्याकडे ती गिरगावातली चाळ झाली. वरचे खालच्यांवर पाणी सांडत होते आणि कोणीच जागा सोडायला तयार नव्हतं.

"यांचं काय लोणचं घालायचंय?" हिने विचारलं. मी ते मनावर घेतलं. सुझॅन ली नावाच्या ब्रिटिश डिझायनरने या चकत्या वाळवून त्यांचं कातड्यासारखं कापड केलं आणि त्याचं जाकीट शिवलं, हे मी वाचलं होतं. अडचण एवढीच की ते कापड पाणी शोषतं आणि पावसात लगदा होतं. जुलैच्या मुलुंडमध्ये घालायला याहून घातक वस्त्र शोधूनही सापडणार नाही. दुसरीकडे वाचलं की आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या बाहेरच्या अंगाला कोंबुचाच्या चकत्यांचे नमुने दीडेक वर्ष ठेवले होते आणि त्यातले चकती विणणारे जिवाणू तरले. म्हणजे हवा नाही, पाणी नाही, वरून किरणांचा मारा, तरी जिवंत. तेव्हा फ्रिजमध्ये मागे ढकलून त्या आपोआप मरतील, ही हिची आशा मावळली.

मग वाटप सुरू केलं. पूर्वी विरजण असंच फिरायचं. एका घरचं मोडलं की दुसऱ्या घरातून वाटीत यायचं, त्यात लाज नव्हती. फक्त तिन्हीसांजेला मागायचं नाही. पण स्कोबी घ्यायला माणूस मिळेना. जोशांनी मधुमेह सांगितला, वरच्यांनी मुलाची बारावी. बोरिवलीच्या मावशीने आनंदाने घेतला आणि कढीपत्त्याच्या कुंडीत पुरला; कढीपत्ता झकास आहे म्हणते. अखेर ऑफिसातली बोरिवलीच्याच आय. सी. कॉलनीतली एक बाई भेटली. मी भीतभीत डबा उघडला. तिने वाकून वास घेतला आणि तिचा चेहरा उजळला. "अरे, ही तर व्हिनेगरची मदर! आमच्या नानीच्या बरणीत असायची." गोव्याकडे ताडीचा सिरका घरोघर, सान्नांच्या पिठाला ताडी, नाताळला घरची द्राक्षाची वाइन. त्या घरातल्या मुलीला ही चकती म्हणजे आजोळचं माणूस. तिने एक नाही, तीन नेल्या. त्या दिवशी मी लोकलच्या दाराशी वारा खात आलो.

मात्र आमचं घरचं विरजण कधीच मोडलं होतं, हे या सगळ्यात कोणाच्या लक्षात आलं नाही. गेली चार-पाच वर्षं दही पिशवीतून येतं. चहाला विरजण आहे आणि दुधाला नाही, ही गोष्ट आईला एकदा आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी अचानक बोचली. "दिवे लागायच्या आत तिसऱ्या मजल्यावर जा," तिने मला फर्मावलं, "काकूंकडून चमचाभर विरजण आण. त्यांचं देवरुखचं आहे. लग्नात आणलेलं."

काकूंनी स्टीलच्या छोट्या वाटीत, खापराच्या मडक्यातलं, सुरीने कापावं असं दही दिलं. वर साखरेचे चार दाणे. रात्री लावलं, सकाळी लागलं. असं दही आमच्या घरात फार दिवसांनी लागलं होतं. आई त्याच्याकडे बघत राहिली, मग वाटी घासून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "परत दे. पण रिकामी देऊ नकोस हं, वाटी रिकामी देत नाहीत."

डब्यात साखर होती, पण हॉटेलात अजून सात जण होते. मी त्यातला सगळ्यात गोरागोमटा निवडला, घोटभर आंबट चहात ठेवला, वर झाकण घातलं आणि तिसऱ्या मजल्यावर गेलो. काकूंनी झाकण उचललं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. आतून काकांनी कोण आहे म्हणून विचारलं, त्यालाही उत्तर दिलं नाही.

"अहो," शेवटी त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "रिकामी दिली असतीत तरी चाललं असतं हो."